वायफायवर नक्की कोणकोण आहे: ११, १७ की २३?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत सांगतो, म्हणजे घोळ नको. छोटं ऑफिस, एकच राउटर, त्यातच ॲक्सेस पॉइंट (वायफायचा सिग्नल देणारा भाग), सगळ्यांना एकच पासवर्ड. फोनवरच्या स्कॅनर ॲपमध्ये ११ डिव्हाइस दिसतात, लॅपटॉपवरून स्कॅन केलं की १७ येतात आणि राउटरच्या पानावर २३. शिवाय लॉगमध्ये रोज रात्री ३ च्या आसपास एक अनोळखी डिव्हाइस येतं, नाव नाही गाव नाही. तर खरा आकडा कोणता, कोण किती डेटा खातंय ते कसं कळणार, आणि यासाठी चांगलं ॲप कोणतं.

ॲपचं राहू द्या जरा. तुमचे तिन्ही आकडे खरे आहेत, फक्त ती तीन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत आणि आपण तिन्हीला सरसकट "कनेक्टेड डिव्हाइस" म्हणतो म्हणून डोकं फिरतं. मी पंधरा-सोळा वर्षं नेटवर्कचंच काम करतोय आणि अजूनही नव्या जागी गेलो की पहिली दहा मिनिटं हे शोधण्यातच जातात की समोरचा मला जी यादी दाखवतोय ती नेमकी कुठल्या टेबलातून आलीये.

राउटरच्या पोटात अशी निदान तीन टेबलं असतात. पहिलं रेडिओचं, म्हणजे असोसिएशन टेबल. आत्ता या क्षणी कोणते फोन-लॅपटॉप ॲक्सेस पॉइंटशी जोडलेले आहेत हे फक्त त्यालाच माहीत असतं. दुसरं डीएचसीपी लीजचं, म्हणजे कुणाला कुठला आयपी ॲड्रेस (नेटवर्कातला तात्पुरता पत्ता) किती वेळासाठी दिलाय. तिसरं एआरपीचं, अलीकडे कुणाशी बोलणं झालं आणि त्या आयपीमागे कुठला मॅक ॲड्रेस, म्हणजे डिव्हाइसच्या नेटवर्क कार्डाचा ओळख क्रमांक, होता. तुमचे ते २३ बहुतेक करून लीजचे आहेत. लीज म्हणजे लॉजची खोली समजा, पाहुणा किल्ली परत न देता निघून गेला तरी रजिस्टरात त्याचं नाव मुदत संपेपर्यंत राहतंच. फोन वायफायच्या टप्प्याबाहेर जाताना "मी चाललो" म्हणून सांगत बसत नाही, तो नुसता निघून जातो. ओपनडब्ल्यूआरटी या राउटरच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये लीजची मुदत मुळात १२ तासांची असते, बऱ्याच राउटरवर २४ तास असते, म्हणजे काल दुपारी येऊन गेलेला माणूस आज सकाळीही यादीत दिसणार. तो २४ तासांचा आकडा लक्षात ठेवा, रात्री ३ वाल्या भानगडीत लागणार आहे.

आता १७ आणि ११. लॅपटॉपवरून एन-मॅप या स्कॅनरने स्कॅन करताना ॲडमिन हक्क दिलेत की नाही यावर आकडा बदलतो हे पुष्कळांना माहीतच नसतं. हक्क असतील तर तो स्वतःच्या नेटवर्कात एआरपी वापरून विचारतो, आणि एआरपीला उत्तर दिल्याशिवाय कुणाचंच भागत नाही, फायरवॉल लावलेला विंडोज लॅपटॉपसुद्धा तिथे गप्प बसू शकत नाही. हक्क नसतील तर तो ८० आणि ४४३ या पोर्टवर, म्हणजे वेबसाइटच्या नेहमीच्या दारांवर, टकटक करून बघतो, आणि कुणी काहीच बोललं नाही तर तो पत्ता रिकामा समजतो. झोपलेला फोन तर कधी उत्तर देतो कधी देत नाही. फोनवरच्या ॲपची अवस्था त्याहून वाईट, कारण नव्या अँड्रॉइडवर आणि आयफोनवर ॲपला शेजारच्या डिव्हाइसचा मॅक वाचूच देत नाहीत, मग ते बिचारं ॲप मिळेल त्या नावावरून आणि पिंगवरून, म्हणजे हाक मारून कोण उत्तर देतं त्यावरून, अंदाज बांधतं. म्हणून "चांगलं ॲप कोणतं" याला माझं उत्तर, कुठलंच नाही. बाहेरून दार वाजवून माणसं मोजण्यापेक्षा दारावरच्या वॉचमनला विचारावं, आणि वॉचमन म्हणजे ते पहिलं टेबल.

तर ते टेबल बघायचं कसं. राउटरच्या पानावर वायरलेस किंवा वायफाय या भागात "असोसिएटेड स्टेशन", "वायरलेस क्लायंट" असं काहीतरी वेगळं पान असतं, होम पेजवरची रंगीत यादी नव्हे. तिथे प्रत्येक डिव्हाइसपुढे सिग्नल दिसत असेल, उणे ५८ डीबीएम वगैरे (सिग्नलच्या ताकदीचं माप, शून्याच्या जितकं जवळ तितकं चांगलं), तर तुम्ही बरोबर पानावर आहात. सिग्नलचा रकाना नसेल तर ती यादी बहुधा लीजचीच. लिनक्सवाला ॲक्सेस पॉइंट असेल आणि आत शिरता येत असेल तर आयडब्ल्यू नावाच्या टूलचा स्टेशन डंप काढायचा, माझ्या मते एवढी प्रामाणिक यादी दुसरी नाही. त्यात प्रत्येक डिव्हाइससाठी पंधरा-वीस ओळी येतात, किती मिलिसेकंदांपूर्वी शेवटचं बोलला, किती बाइट आले-गेले, किती वेळा परत पाठवावं लागलं, सिग्नल किती, दोन्ही बाजूंचा रेट किती, जोडून किती सेकंद झाले.

आणि ही यादीसुद्धा किंचित खोटं बोलते बरं का. होस्टएपीडी, म्हणजे लिनक्सवर ॲक्सेस पॉइंट चालवणारा प्रोग्राम, गप्प झालेल्या डिव्हाइसला लगेच काढत नाही. मूळ सेटिंगमध्ये ३०० सेकंद थांबतो, मग एक रिकामी फ्रेम पाठवून "आहेस का रे" विचारतो, आणि उत्तर नाही आलं तरच यादीतून काढतो. म्हणजे माणूस बाहेर पडून कोपऱ्यावर पोचला तरी त्याचा फोन पाच मिनिटं यादीत असतो. त्यामुळे यादी बघताना "शेवटचं कधी बोलला" हा आकडा आधी बघायचा. तो २०-३० हजार मिलिसेकंदांच्या पुढे गेला असेल तर ते डिव्हाइस झोपलंय किंवा गेलंय.

ओळख पटवणं हा यातला खरा किचकट भाग, इथे जरा थांबतो.

मॅक ॲड्रेस म्हणजे बारा हेक्स अंक, ४८ बिट. पहिले सहा अंक कंपनीचे, आयईईई ही संस्था ते वाटते. म्हणून यादीत डिव्हाइसपुढे कंपनीचं नाव येतं, आणि इथेच अर्धी लोकं घाबरतात. "एस्प्रेसिफ नावाचं काहीतरी आमच्या वायफायवर आहे, हॅकर आहे का?" हा फोन मला कितीदा आला असेल. अहो, एस्प्रेसिफ स्मार्ट प्लग आणि बल्बमधली वायफाय चिप बनवते. वरून डब्यावर कुठलंही नाव असू दे, आत चिप तीच. तसंच "हॉन हाय", "अ‍ॅझ्युरवेव्ह", "लाइटऑन" असं दिसलं की तो बहुधा एखादा साधा लॅपटॉप, टीव्ही किंवा गेम खेळायचा डबा असतो, वायफायचं कार्ड त्या कंपनीचं म्हणून नाव तिचं. म्हणजे कंपनीच्या नावावरून डिव्हाइस ओळखायचं म्हणजे गाडीच्या टायरवरून गाडी ओळखण्यातला प्रकार.

त्यात २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून आणि २०२० च्या आयओएस १४ पासून फोन स्वतःचा खरा मॅक दाखवतच नाहीत, प्रत्येक नेटवर्कसाठी एक खोटा बनवून लावतात. हे आपल्या प्रायव्हसीसाठी चांगलंच आहे, पण यादी वाचणाऱ्याची पंचाईत होते. खोटा मॅक ओळखायची खूण सोपी आहे: डावीकडून दुसरा अंक बघायचा. तो २, ६, ए किंवा ई असेल तर तो मॅक कारखान्यातून आलेला नाही, डिव्हाइसने स्वतः ठरवलेला आहे. म्हणजे तो जवळजवळ नक्की फोन, टॅब किंवा तशी सेटिंग केलेला लॅपटॉप. प्रिंटर, कॅमेरा, बल्ब असले उद्योग सहसा करत नाहीत. या एका अंकावरून तुमच्या २३ च्या यादीचे सरळ दोन ढीग पडतील, माणसांच्या खिशातली डिव्हाइस आणि भिंतीवर-टेबलावर बसलेली.

सहसा हा खोटा मॅक त्या नेटवर्कपुरता तोच राहतो, पण कुणी फोनमधून नेटवर्क "फरगेट" करून परत जोडलं, किंवा सेटिंगमध्ये बदलता मॅक निवडला, तर तोच माणूस नव्या नावाने हजर. लीजच्या यादीत मग एकाच फोनच्या दोन-तीन ओळी. तुमच्या २३ मध्ये अशी निदान दोन-चार भुतं असतील असं मला वाटतं.

याच्या उलटाही प्रकार होतो. एकदा एका ठिकाणी मला घाईघाईने बोलावलं, म्हणे नेटवर्कवर हल्ला झालाय, नऊ आयपींमागे एकच मॅक दिसतोय, कुणीतरी मधे बसून सगळ्यांचा डेटा चोरतंय. ऐकायला ते एआरपी स्पूफिंगच, म्हणजे दुसऱ्यांच्या आयपीसाठी स्वतःचा मॅक सांगणं, वाटतं, संशय चुकीचा नव्हता. जाऊन बघितलं तर जिन्याखालच्या खोलीत कुणीतरी वायफाय एक्स्टेंडर खोचून ठेवलेला. स्वस्तातले एक्स्टेंडर त्यांच्यामागच्या सगळ्यांची पॅकेट स्वतःच्या मॅकवरून पुढे ढकलतात, त्यामुळे मुख्य ॲक्सेस पॉइंटला नऊ जणांऐवजी एकच डिव्हाइस दिसतं. कुणी दुसरा राउटर राउटर म्हणूनच जोडला असेल तर अजून मजा, त्याच्यामागे पन्नास माणसं असली तरी तुम्हाला एकच मॅक आणि एकच आयपी. हे असं काही तुमच्याकडे असेल तर आधी ते शोधा, नाहीतर पुढची सगळी मोजणी वाया.

आता डेटा कोण खातंय. स्टेशन डंपमध्ये आरएक्स आणि टीएक्स असे दोन बाइटचे आकडे येतात. इथे शंभरातले नव्वद लोक उलटं वाचतात आणि मीही सुरुवातीला वाचलंय. हे आकडे ॲक्सेस पॉइंटच्या बाजूचे असतात. आरएक्स म्हणजे ॲक्सेस पॉइंटला *मिळालेलं*, म्हणजे त्या डिव्हाइसने *पाठवलेलं*, म्हणजे अपलोड. टीएक्स म्हणजे डाउनलोड. एका ऑफिसात एका मुलाच्या नावाने आरएक्स ४० जीबी दिसत होतं आणि साहेबांनी त्याला सिनेमे डाउनलोड करतोस म्हणून सगळ्यांसमोर झापलं होतं. खरं तर त्याच्या लॅपटॉपवर ऑफिसनेच लावलेला क्लाउड बॅकअप अडकला होता, तीच फाइल परत परत वर चढत होती. त्या मुलाची कुणी माफी मागितली की नाही माहीत नाही, मी बॅकअप नीट करून निघालो.

दुसरी गोम अशी की हे आकडे जोडणीपुरते असतात. डिव्हाइस तुटून परत जोडलं, किंवा २.४ गिगाहर्ट्झवरून ५ वर गेलं, की शून्यापासून सुरू. म्हणून संध्याकाळी एकदा बघून "दिवसभरात हिने ३०० एमबी वापरले" असं म्हणता येत नाही, ते कदाचित गेल्या अर्ध्या तासाचे असतील. करायचं असं की दर मिनिटाला यादी काढून फाइलीत टाकायची, आधीच्या आकड्यातून वजाबाकी करायची, आणि नवा आकडा जुन्यापेक्षा लहान आला तर जोडणी नवी झाली असं समजून तिथून मोजायचं. जुन्या डब्यांवर हे मोजमाप ३२ बिटचं असतं, ते ४ जीबीला, म्हणजे ४,२९,४९,६७,२९६ बाइटला गुंडाळून परत शून्यावर येतं, तिथेही हेच दिसणार, तेव्हा "किती सेकंद जोडलेलं आहे" हा आकडा सोबत ठेवा म्हणजे दोन्हीत फरक करता येतो. वीस-पंचवीस ओळींच्या स्क्रिप्टमध्ये बसतं हे काम. महागडं डॅशबोर्ड नंतर.

राउटरच्या स्वतःच्या "ट्रॅफिक मीटर"वर मात्र फार भिस्त ठेवू नका. स्पीड वाढावा म्हणून पुष्कळ राउटर पॅकेट थेट चिपमधूनच पुढे सरकवतात, प्रोसेसरला पत्ताच लागत नाही, आणि मीटर प्रोसेसरवर चालत असेल तर त्याला दिसतं ते अर्धंमुर्धं. आकडे फारच कमी वाटले तर ही सोय, म्हणजे हार्डवेअर ऑफलोड, बंद करून एकदा पडताळा.

पण खरं सांगू का, डेटा कोण खातंय हा प्रश्नच बऱ्याचदा चुकीचा असतो. नेट स्लो झालं की सगळे डाउनलोडवाला शोधतात, आणि वायफायमध्ये चोरी डेटाची नसून *वेळेची* होत असते. एका चॅनलवर एका वेळी एकच जण बोलू शकतो. १५०० बाइटचं पॅकेट म्हणजे १२,००० बिट. १०० एमबीपीएसच्या रेटने ते हवेतून जायला ०.१२ मिलिसेकंद लागतात, १ एमबीपीएसच्या रेटने तेच पॅकेट १२ मिलिसेकंद खातं. वरचे हेडर-बिडर सोडले तर शंभरपट. म्हणजे लांब कोपऱ्यातलं रडतखडत चालणारं एक डिव्हाइस दिवसभरात डेटा चिमूटभर वापरेल पण हवेतला वेळ मात्र सगळ्यांचा खाईल.

हे मी डोळ्यांनी बघितलंय म्हणून सांगतो. एका जागी रोज सकाळी अकराला वायफाय रांगायला लागायचं. बाइटच्या हिशोबात कुणीच दोषी दिसेना. मग मिनिटामिनिटाचे स्टेशन डंप लावून बसलो. एक ओळ अशी होती: सिग्नल उणे ८४, रेट १ एमबीपीएस, परत पाठवलेल्या पॅकेटांचा आकडा प्रत्येक मिनिटाला शेकड्यांनी वाढत होता, आणि दिवसभराचा डेटा ३० एमबीसुद्धा नाही. मॅकवरून छडा लावला तर तो निघाला एक जुना प्रिंटर, आधी टेबलावर होता, मग जागा हवी म्हणून लोखंडी कपाटाच्या मागे सरकवलेला. अकराला सगळे रोजचे रिपोर्ट प्रिंट करायचे. त्याला केबल लावली, दुखणं संपलं. उणे ८४ हा आकडा कसा वाचायचा तेही सांगून ठेवतो: उणे ४०-४५ म्हणजे डिव्हाइस त्याच खोलीत, उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल बरा चालतो, उणे ७० च्या पुढे कुरकुर, उणे ८० च्या पुढे नुसता छळ. आणि दर ३ डीबीला ताकद निम्मी होते, म्हणजे उणे ६७ आणि उणे ७० यांत फरक दिसतो तेवढा किरकोळ नाही.

जमलं तर ॲक्सेस पॉइंटवरचे १, २, ५.५ आणि ११ एमबीपीएस हे जुने रेट बंदच करून टाका, अगदीच पुरातन डिव्हाइस नसेल तर कुणाचं काही अडत नाही.

लॉगबद्दल दोन शब्द. राउटर जोडणी-तुटणीच्या नोंदी ठेवतो पण मेमरीत, वीज गेली की सगळं साफ. म्हणून सिसलॉग, म्हणजे या नोंदींचा प्रवाह, दुसऱ्या एखाद्या मशीनवर पाठवायचा, नेहमीचं पोर्ट यूडीपी ५१४, बहुतेक राउटरला ही सोय असते. वेळ मात्र आधी लावून घ्या, पुष्कळ राउटरांत घड्याळाची बॅटरीच नसते, सुरू झाल्यावर इंटरनेटवरून वेळ मिळेपर्यंतच्या नोंदी १९७० च्या नावाने पडतात आणि नंतर शोधताना वेड लागायची पाळी येते. तुटणीच्या ओळीत रीझन कोड असतो. ३ किंवा ८ म्हणजे डिव्हाइस आपण होऊन गेलं, ४ म्हणजे गप्प बसलं म्हणून काढलं, १५ म्हणजे पासवर्डची देवाणघेवाण पुरी झाली नाही. १५ एकाच मॅककडून सारखा येत असेल तर कुणीतरी चुकीचा पासवर्ड टाकतंय, बहुतेक वेळा पासवर्ड बदलल्यावर अपडेट न केलेला आपलाच टीव्ही. होस्टएपीडी तर अशा वेळी पीएसके, म्हणजे वायफायचा पासवर्ड, जुळत नसल्याचा संशय आहे असं लॉगमध्ये स्पष्टच लिहितो.

नवं डिव्हाइस आलं की मेल पाठवणारी आर्पवॉचसारखी टूल आहेत, पूर्वी मी सगळीकडे लावायचो. आता फोनांच्या खोट्या मॅकमुळे ती इतकी ओरडतात की चार दिवसांत माणूस मेल बघायचंच सोडून देतो. फक्त भिंतीवरच्या डिव्हाइसचं, कॅमेरा-प्रिंटर-बल्बचं वेगळं नेटवर्क केलंत तर तिथे आर्पवॉच अजून झकास चालतं, कारण तिथे नवा मॅक दिसणं हीच बातमी असते.

यावरून मुद्द्यावर येतो. एकच पासवर्ड सगळ्यांना दिलाय तोपर्यंत तुम्ही कितीही नजर ठेवा, तुम्हाला डिव्हाइस दिसतील, माणसं दिसणार नाहीत. आणि हल्ली फोनवर क्यूआर कोड दाखवला की पासवर्ड पुढच्याला गेला, तुम्ही कुणाला दिला आणि तो कुठवर पोचला याचा काही हिशोब नाही. त्यामुळे पाळत ठेवायच्या आधी ओळख बांधून घ्या. मोठं ऑफिस असेल तर एंटरप्राइझ पद्धत, प्रत्येकाला स्वतःचं युजरनेम, मागे रेडियस सर्व्हर, म्हणजे युजरनेम-पासवर्ड तपासून नोंदी ठेवणारं मशीन. त्याच्या अकाउंटिंगच्या नोंदी यूडीपी १८१३ वर येतात आणि कोण कधी आला, किती बाइट वापरले, कधी गेला हे नावानिशी मिळतं, मॅक खोटा असला काय नि खरा असला काय.

तुमच्याएवढ्या जागेला रेडियस म्हणजे जरा जास्तच होईल. त्यापेक्षा एक युक्ती आहे जी लोक फारशी वापरत नाहीत. डब्ल्यूपीए२ या वायफायच्या सुरक्षा पद्धतीवर होस्टएपीडीला पासवर्डची एक फाइल देता येते, नेटवर्कचं नाव एकच पण पासवर्ड अनेक, मॅकच्या जागी सगळी शून्यं लिहिली की तो पासवर्ड कुठल्याही डिव्हाइसला चालतो, आणि प्रत्येक पासवर्डला एक खुणेचं नाव जोडता येतं. मग कुणी जोडलं की लॉगच्या ओळीत ते नाव येतं, "अकाउंट्स", "पाहुणे", "प्रिंटर" असं. कुठला पासवर्ड फुटला तेही कळतं आणि तेवढाच बदलता येतो, सगळ्यांना त्रास नाही. विकतच्या बऱ्याच ॲक्सेस पॉइंटमध्येही हीच सोय वेगवेगळ्या नावांनी असते, सेटिंगमध्ये बघा. तेवढं नाही जमलं तर निदान गेस्ट नेटवर्क वेगळं करा आणि त्यात क्लायंट आयसोलेशन, म्हणजे डिव्हाइसना एकमेकांशी बोलू न देणं, चालू ठेवा. फक्त आयसोलेशन असलेल्या नेटवर्कवर बसून स्कॅन केलं तर तुम्हाला स्वतःशिवाय कुणीच दिसणार नाही, तेव्हा "अरे वा, कुणीच नाहीये" म्हणून खूश होऊ नका.

मॅक फिल्टरवर वेळ घालवू नका. मॅक ॲड्रेस हवेत उघडाच जातो, डब्ल्यूपीए३ असलं तरी, कुणीही ऐकून तोच स्वतःला लावू शकतो. फोनांचे मॅक बदलत असल्यामुळे तर त्यात आपलीच माणसं बाहेर राहतात. त्यापेक्षा डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्डऐवजी बटण किंवा पिनने जोडायची सोय, बंद करा. त्याचा पिन आठ अंकी दिसतो, पण शेवटचा अंक नुसता पडताळणीचा असतो आणि राउटर पिन दोन तुकड्यांत तपासतो, त्यामुळे एक कोटीच्या जागी जास्तीत जास्त ११,००० प्रयत्न पुरतात, हे २०११ मध्येच जगजाहीर झालंय आणि तरी ते बटण चालू असलेले राउटर मला आजही भेटतात.

कोण काय बघतंय हे दिसेल का असंही तुमच्या मनात असणार, विचारलं नसलं तरी. पानाच्या आतलं काही दिसत नाही, एचटीटीपीएसमुळे. साइटचं नाव बऱ्याचदा दिसतं, डीएनएसमधून (साइटच्या नावावरून तिचा पत्ता विचारणं) किंवा जोडणीच्या सुरुवातीच्या हॅलोमधून, पण ब्राउझर आता डीएनएससुद्धा एचटीटीपीएसमधून पाठवतात, त्यामुळे ही खिडकीही हळूहळू बंद होतेय. आणि मला विचाराल तर तिच्यात डोकावूही नये. जोडणी, सिग्नल, बाइट, वेळ एवढ्यावर नेटवर्क उत्तम सांभाळता येतं. लोकांच्या मशीनवर स्वतःचं सर्टिफिकेट टाकून मधे बसायचे सल्ले कुणी देईल, ते करू नका, नको त्या गोष्टी हाताला लागतात आणि मग त्या सांभाळायची जबाबदारीही आपलीच. नोंदी ठेवताय हे ऑफिसात सगळ्यांना आधीच सांगा, किती दिवस ठेवता तेही सांगा. आपापल्या ठिकाणचा कायदा काय म्हणतो ते बघायला लागेलच, पण त्याआधी ही साधी रीत आहे.

राहिला तुमचा तो रात्री ३ चा पाहुणा. लॉगमधली ती ओळ परत उघडा आणि ती कुणी लिहिलीये बघा. होस्टएपीडीची असोसिएशनची ओळ असेल तर खरोखर कुणीतरी त्या वेळी जोडलंय. पण तुम्ही जे वर्णन केलंय, रोज ठरल्या वेळी, त्यावरून मला वाटतं ती डीएचसीपीची ओळ असणार. लीज निम्मी संपली की डिव्हाइस ती वाढवून मागतं. २४ तासांची लीज असेल तर दर १२ तासांनी. म्हणजे दुपारी ३ ला कधीतरी जोडलं गेलेलं, तिथेच बसून असलेलं एखादं डिव्हाइस रोज रात्री ३ ला आणि रोज दुपारी ३ ला तीच ओळ टाकणार, दुपारी गर्दीत तुमचं लक्ष जात नाही आणि रात्री एकटीच दिसते म्हणून ती भीतीदायक वाटते. दुपारची ओळ सापडली की अर्धं काम झालं. मग त्याच मॅकचा सिग्नल दहा-पंधरा मिनिटं बघा, एक-दोन डीबीच्या आत स्थिर असेल तर ते कुठेतरी ठेवलेलं आहे, वर-खाली होत असेल तर कुणाच्या तरी हातात आहे. दुसरा अंक २, ६, ए, ई यांतला नसेल तर कंपनीचं नाव बघा, चिपवाल्या कंपनीचं निघालं तर आधी प्लग आणि बल्ब मोजा. आणि एवढं करूनही पत्ता नाही लागला तर एखाद्या कामाच्या दिवशी सकाळीच ते डिव्हाइस ब्लॉक करा आणि "माझं अमुक चालत नाहीये" म्हणत तुमच्या टेबलापाशी कोण येतं त्याची वाट बघा, माझ्या अनुभवात जेवायच्या सुट्टीच्या आत कुणीतरी येतंच.